दुखण्याचं नाव

खुर्शीदा पुण्यातल्या एका संस्थेत कामाला होती. शाळेच्या पुस्तकांतले धडे कार्डांवर छिद्रं पाडून ती कॉम्प्युटरला द्यायची आणि कुठल्या धड्यात विद्वानांचे जड शब्द किती आहेत, ते यंत्र मोजायचं. मग त्यांच्या जागी मुलांना समजतील असे शब्द ती शोधायची. १९७४ सालच्या त्या शनिवारी मात्र ती लोणावळ्याला आईकडे, अम्माकडे आली होती. अम्माला दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी खुर्शीदाला एकटीलाच आत बोलावलं आणि सरळ सांगितलं, "कॅन्सर आहे. फार पसरलाय."

दवाखान्यातून दोघी गावाबाहेरच्या तुंगार्लीतल्या घराकडे चालत निघाल्या. खुर्शीदाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चपलेचा पट्टा धड होता, तरी ती वाटेत थांबून, वाकून तो पुन्हा पुन्हा बघत होती. कसं सांगायचं ते तिला सुचत नव्हतं.

दारात पोचल्यावर अम्मानेच विचारलं, "डॉक्टर काय म्हनला गं?"

"यकृतात पेशींची अनियमित वृद्धी झालीय," खुर्शीदा खाली बघत म्हणाली. "उपचार दीर्घकालीन आहेत."

अम्माने कुलूप काढलं. आत जाऊन पाणी आणलं, तांब्या लेकीच्या हातात दिला आणि तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसली.



"माज्याशी तू असं अवघड कधी बोलत न्हाईस, पोरी. लय वाईट हाय का?"