चिमणीच्या दातांनी

कस्तुरी फ्रॉकचं टोक चोळत उभी होती. त्यावर चिक्कीचा गूळ, शेंबूड आणि वाळलेल्या लाळेचे पांढरे डाग होते.

तिची मैत्रीण उर्मिला लाळेतून पसरणाऱ्या मेंदूज्वराने दवाखान्यात होती. वसतिगृहातल्या तिच्या खोलीतल्या मुलींना डॉक्टरांनी प्रतिबंधक गोळ्या दिल्या होत्या. आता ते उरलेल्यांना विचारत होते, "आणखी कुणी तिचं उष्टं खाल्लंय? गोळी वेळेत घेतली, तर आजार टळेल."

"मी नाही," कस्तुरी म्हणाली.

"मग हा गूळ कसला गं?" मी विचारलं.

"बाई, परवा उर्मीनं माझ्या फ्रॉकमधून चिक्की तोडून दिली. चिमणीच्या दातांनी! तसं उष्टं होत नाही."

"लाळ कापडातून आरपार जाते, बाळा." मी ते टोक तिच्याच नाकाशी धरलं. "हुंग बघू."

तिनं हुंगलं. "शी!"

डॉक्टरांनी तिच्या हातावर गोळी ठेवली. मी पाणी घेऊन आले, तर फ्रॉकच्या दुसऱ्या, स्वच्छ टोकात गुंडाळलेली गोळी तिनं दातांखाली धरली होती.

"अगं, आता हे काय?"

"अर्धी उर्मीला ठेवते."