पहिल्या माणसाचा नारळ

महिपतनं पिशवीतून नारळ काढला आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. सोललेला, शेंडी राखलेला, वर हळदकुंकू लावलेला.

"हे कशाला?" इरावतीबाई चमकल्याच.

"ठिकाण सांगा बाई. त्या पहिल्या मानसाचं."

आता बोला! तशी चूक बाईंचीच. मागच्या खेपेला महिपतनं रडकुंडीला येऊन विचारलं होतं, माझ्याच पोरीला का? तर बाईंनी मायेनं, कागदावर चित्रं काढून समजावलं. माणूस माकडासारख्या जनावरापासून हळूहळू घडत आला. हजारो वर्षांमागं कुणा एकाच्या रक्तात बारीकसा फरक पडला. त्या फरकानं तो हिवतापात तगला, त्याची पोरंबाळं तगली. तोच फरक महिपतच्या रक्तात आला, त्याच्या बायकोच्या, शकूच्याही आला, आणि दोघांकडचा मिळून सेजलच्या वाट्याला गेला. म्हणून सात वर्षांच्या पोरीचं रक्त टिकत नाही. दर वीस दिवसांनी पोलादपूरच्या डोंगरातून महाडला यायचं आणि रक्ताची बाटली चढवायची.

महिपतनं एवढं सगळं ऐकलं आणि त्यातलं एकच धरलं. वाडीत कुणाचं दुखणं हटेना की गुरवाकडं कौल लावायचा, कुठल्या पूर्वजाचा मान राहिलाय ते काढायचं आणि त्याच्या दगडापुढं नारळ द्यायचा. सेजलपायी त्यानं शिवेवरच्या मूळपुरुषापर्यंत सगळ्यांना नारळ दिले होते. एकानंही ऐकलं नाही. बाईंचं बोलणं ऐकून बिचाऱ्याला हायसं वाटलं. म्हणजे त्या सगळ्यांच्या आधीचा एक राहिलाच होता की!

"अहो, त्याचं नावगाव कुणालाच ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. मग आवाज उतरला. "आणि महिपत, आता बाटली वीस दिवसही पुरत नाहीये. या वेळी बाराव्या दिवशीच रक्त उतरलंय."

कॉटवर सेजल निजली होती, ओठ पांढरेफटक. शकू तिचे तळवे चोळत होती. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या रक्तपेढीत रक्त देऊन फादर ऑल्विन आत आले, कोपराच्या खळीत कापूस दाबून धरलेला. बाटलीच्या बदल्यात बाटली द्यायला ह्या पोरीसाठी ते आपणहून यायचे. मूळचे वसईचे, भला माणूस.

महिपतनं टेबलावरचा नारळ उचलला.

"फादर, त्या दिशी तुमी शकूला सांगत व्हतात. तुमचा आदाम. त्यानं चूक केली न् मरान समद्यांच्या मागं लागलं. त्यो न् बाईंचा मानूस एकच का?"

फादर गडबडले. "नाही हो. ती गोष्ट पापाची, आजाराची नव्हे. सेजलला कुठलीही शिक्षा झालेली नाही, महिपतराव. देवाशपथ सांगतो."

"पन पयला मानूस त्योच ना?"

"हो. पहिला तोच."

"आनी त्याचं पोराबाळांना लागतं?"

फादर ह्याच विषयावर वर्षानुवर्षं शिकले होते. वह्याच्या वह्या भरल्या होत्या. आता त्यांतलं एक वाक्य कामाला येईना.

"लागतं," ते हळूच म्हणाले.

"मंग एकच."

"त्याचं थडगं कुठं हाय, फादर?" शकूनं मान वर न करता विचारलं. "आमी जाऊ. लांब आसलं तरी जाऊ."

"नाही माहीत, शकूबाई. खरंच नाही माहीत."

महिपतनं पुढं होऊन नारळ फादरांपुढं धरला. "तुमी त्याचं नाव तरी घेता. आमाला त्यो वळखनार नाय. तुमी द्या. म्हनावं, तुजा मान राह्यला, चुकलं आमचं. पन पोरीला सोड."

फादरांनी कापसावरचा हात काढला आणि दोन्ही हातांनी नारळ घेतला. कापूस खाली पडला. कोपराच्या खळीतून रक्ताचा ओघळ निघाला, मनगटापर्यंत आला.

"फादर, रक्त येतंय! तो नारळ ठेवा आधी," बाई उठल्या.

फादरांनी टेबलाकडं पाहिलं, कॉटकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं. कुठं ठेवायचा, ते त्यांना कळेना.