सहाव्या वाक्यातली चूक

विनोदी चित्रपटाची कथा एका वाक्यात मागणाऱ्या निर्मात्याने लेखकाची पाच वाक्ये नापास केली. "बाप फार सज्जन वाटतोय, लेखकमहाशय. घराला त्याचा जाच होऊ द्या, मग बघा लोक कसे हसतात!"

लेखकाने लेखणी परजली आणि सहावे वाक्य उतरवले : 'मुलाच्या घरी फुकट राहणारा निवृत्त मुद्रितशोधक सुनेच्या चिठ्ठ्यांतल्याही चुका काढतो, तेव्हा त्याला बाहेर काढायला सगळे घर कंबर कसते.' स्वतःच्या कर्तबगारीवर तो मनसोक्त हसला.

त्याच्या वडिलांनी जन्मभर छापखान्यात मुद्रिते तपासलेली. त्यांच्या तांबड्या पेन्सिलीखालून गेल्याखेरीज त्याचा एकही कागद आजवर घराबाहेर पडला नव्हता. त्याच सवयीने त्याने हाही कागद त्यांच्यापुढे धरला, आणि त्यांनी चष्मा चढवल्यावर त्यावर काय लिहिलेय ते त्याला आठवले.

वडिलांनी वाक्य दोनदा वाचले.

"जमलंय रे. शुद्धलेखनही ठीक आहे. तपशिलाची एकच चूक होती, ती तेवढी दुरुस्त केलीय."



'मुलाच्या घरी'तल्या 'मुलाच्या'वर तांबडी रेघ होती, आणि तिच्यावर सुबक अक्षरात लिहिले होते : 'स्वतःच्या'.