घर बघून

नेत्राच्या बाबांकडून अस्सल टेरियर कुत्र्याचं पिल्लू मिळवणं म्हणजे मुलगी मागायला जाणं, असं मुलुंडमध्ये सगळे म्हणत. घरी दिवसभर कोण असतं, आवाज कोण चढवतं, सगळं विचारल्याशिवाय बाबा पिल्लाला हात लावू देत नसत.

आज घाटकोपरचं एक जोडपं आलं होतं. सगळं जमलं, पिल्लू त्या बाईच्या मांडीवर पेंगायलाही लागलं. फोटो काढायला नवऱ्याने मोबाइल धरून हात उंचावला आणि ती दचकून मागे सरकली.

बाबांनी तिच्या मांडीवरून पिल्लू उचलून घेतलं. "सॉरी, नाही देणार."

ते गेल्यावर बाबा धुमसत होते. "जिथे बायको हाताला घाबरते, तिथे माझं पिल्लू? एक दिवस नाही ठेवणार."

परवाच दिंडोशीच्या सासरहून निघून आलेल्या नेत्राला धीर आला. इतकं बारीक बघतात बाबा. तिने बाही वर सरकवून दंडावरचे काळेनिळे वळ त्यांच्यापुढे धरले.

बाबांनी पिल्लाला छातीशी घट्ट धरलं.

 

"दिल्या घरी जुळवून घ्यावं लागतं, बाळा. बॅग भर, जावईबापू न्यायला येतायत."