तात्यांची झोप

दुपारी दोन वाजता तात्यांची झोप त्यांच्या सुनेला, हेमांगीला, जोडण्यात आली.

"दोन तास ते जागे राहतील, त्यांच्या वाटची झोप तुम्ही झोपा," स्मृतिभ्रंश केंद्रातल्या डॉक्टर म्हणाल्या. "झोपेबरोबर त्यांचं स्वप्नही येईल."

स्वप्नात तात्या तिला स्कूटर शिकवत होते. स्कूटर जमिनीला न टेकता अंगणात तरंगत होती. "अगं हेमांगी, ब्रेक दाब! माझं पेरूचं झाड वाचव!"

चारला ती उठली. दोन वर्षांत तात्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती.

"तात्या, मी कोण?"

"नर्सबाई. किती घोरता हो!"

"स्वप्नातलं नाव त्यांना आठवलं, की माझ्याच मनातलं मिसळलं?" हेमांगीने डॉक्टरांना विचारलं.

"अजून सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

तात्यांचा उजवा पाय फरशीवर ब्रेक दाबत होता.