भरला पाळणा, रिकामा पाळणा

“भरला पाळणा आणि रिकामा पाळणा. दोरी दोघांचीही तेवढीच. झोका कुणाचा आधी पुरा होईल?” राहीनं विचारलं.

“भरल्याचा,” छबू म्हणाली. “वजन हाय ना त्याला.”

“रिकाम्याचा. हलका हाय,” राहीची नणंद मनकर्णा म्हणाली.

राहीनं माजघराच्या दाराकडं पाहिलं. तिथं तिचा नवरा राधाकृष्ण पाळण्याची दोरी धरून बसला होता. त्यानं बाळाला खांद्यावर घेतलं आणि रिकामा पाळणा सोडला. मग बाळाला आत ठेवून सोडला. मुलींनी टाळ्या वाजवत झोके मोजले.

“सारखंच की वं, बाई!”

“लंबकाचं वजन बदललं तरी आंदोलनकाल बदलत नाही. दोरीची लांबी बदलली की बदलतो. पेपरात हे हमखास येतं.”

ओट्यावर सासरे आबासाहेब तंबाखू मळत बसले होते. ते खाकरले. राहीनं पदर पुढं ओढला आणि आवाज खाली आणला.

गावच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर दिवाळीतच सोडून गेले होते. अकरावीची, म्हणजे मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आली, तशा मनकर्णा धरून वर्गातल्या पाच मुली राहीकडं उजळणीला बसू लागल्या. बेडकाच्या हृदयाचे कप्पे तिनं कणकेचे करून दाखवले. गुऱ्हाळात उसाच्या रसात चुना का टाकतात, यावरून आम्ल आणि अल्क शिकवलं. जास्वंदीची फुलं कागदावर चोळून लिटमस केला.

शाळेची रिकामी जागा जूनमध्ये भरायची होती. त्याआधी शाळा कमिटी उमेदवाराचा नमुना पाठ घेणार होती आणि आबासाहेब कमिटीत होते. राही बी.एस्सी. झालेली. ती जागा तिला हवी होती. या घरात आल्यापासून तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

मागितली ती राधाकृष्णाकडं. सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायची त्या घरात रीत नव्हती. जेवायला वाढू का, एवढंसुद्धा ती नवऱ्याकरवी विचारायची.

“आबा काय म्हणाले?” ती रोज विचारी.

“बघू म्हणतात. पोर अंगावर पिते, सून शाळेत कुठं पाठवायची, असं त्यांचं चाललंय. तू घाई करू नको. मी त्यांच्या कलानं घेतो.”

राहीला सासऱ्यांची धास्तीच बसली. शिकवताना तिचं अर्धं लक्ष ओट्याकडं असे. ती बोलू लागली की तंबाखू मळणारे हात थांबायचे. एकदा तर तिचा पाठ रंगात आला आणि ते मधेच उठून, टोपी घालून बाहेर निघून गेले. त्या दिवशी तिनं पाठ तिथंच आवरता घेतला.

राधाकृष्णाचा मात्र आधार होता. तोही बी.एस्सी. झालेला, पण चार माणसांत त्याला बोलता येत नसे. राजूरकडच्या एका शाळेत लागला होता. पोरं हसली म्हणून महिन्याच्या आत परत आला. आता साखर कारखान्यात सीझनपुरता कारकून होता. राहीनं तो विषय कधी काढला नव्हता.

बाळ डोळ्यांसमोर राहावं म्हणून त्यानं पाळण्याची कडी माजघराच्या दाराशी हलवली. उजळणी सुरू झाली की कामावरून आल्या आल्या दोरी धरून बसायचा. जेवताना विचारायचा, “चुन्याचं कसं सांगितलंस? पुन्हा सांग ना. फार सोपं करतेस तू.” मग बाळाला झोका देत तेच तो बाळाला ऐकवायचा.

“पोरीला आताच म्याट्रिकला बसवतो का काय!” सासूबाई हसायच्या. “ऐकती बघ कशी, डोळं मोठं करून!”

राहीला वाटे, असा नवरा किती जणींच्या नशिबी असतो?

कमिटीपुढचा नमुना पाठ शनिवारी ठरला. तिनं दोनदा मनात घोकला, चुलीपुढं एकदा मोठ्यांदा म्हटला. गुरुवारी राधाकृष्ण म्हणाला, “पुढं ढकललाय. आता परीक्षा झाल्यावर. बरंच झालं म्हणा, बाळाचं अंग कोमट लागतंय.”

तिनं बाळाच्या कपाळाला हात लावला. गरम लागलं नाही. पुन्हा लावला, तेव्हा जरासं लागलं.

शनिवारी सकाळी त्याला कारखान्याच्या कामानं राहुरीला जायचं होतं. पांढऱ्या शर्टाला तिनंच इस्त्री करून दिली. आबासाहेब त्याच्या आधीच बाहेर पडले होते, कोरी टोपी घालून.

दुपारी ती बाळाला झोका देत बसली होती. मुली धावतच ओसरीवर आल्या. छबू सगळ्यांच्या पुढं.

“बाई, समद्यांचे हात वर! कमिटीवाले बघतच ऱ्हायले!”

“कमिटी? आज?”

“नव्या सरांचा पाठ हुता. त्यांनी पाळण्याचंच विचारलं. रसात चुना, जास्वंदीचा कागद, समदं आपलंच! जागा बी दिली त्यांना.”

राहीच्या हातातली दोरी थांबली. डोळे ओट्याकडं गेले. तिथं कुणी नव्हतं.

“आबांनी आणलं असेल कुणीतरी नात्यातलं,” ती कशीबशी म्हणाली.

“आबांनी?” मनकर्णा चिडलीच. “आबा तर पाठाला बसायलाच तयार न्हवते. माझी सून कुठाय, तिचं नाव मी दिलंय, तिच्यासाठी घरोघर हिंडलोय म्हनत हुते. वैनी, तुमाला यायचं न्हवतं तर आधी सांगायचं. लई लागलं त्यांना. घरी बी यायना झालेत.”

“मी येणार नाही, असं कुणी सांगितलं?”

बाळ कुरकुरलं. मनकर्णानं वहिनीच्या हातातली दोरी घेतली आणि झोका दिला.

“नव्या सरांनीच की,” ती म्हणाली. “दादानं.”