नाळेवरचा हात

"अवो, अर्धे कच्चेच काढलात. दरवर्षी तीच गत. डोळे खंय असतत तुमचे?" रुक्मिणीकाकू टोपलीत बघत म्हणाल्या.

"तुझ्याकडे," दत्तारामकाका म्हणाले, आणि कोकमाचा पुढचा रातांबा बोटांनी दाबून बघून टोपलीत टाकला.

पडवीत बसलेली त्यांची मुलगी अक्षया हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी हसलं.

मांडीवर लॅपटॉप, वर गरगरणारा पंखा, समोर देवबागची वाळू. म्हैसूरला ती रेशीमकिड्यांवर पीएचडी करत होती, आणि तिला सुट्टी वगैरे काही नव्हती. संध्याकाळपर्यंत एक चित्र पक्कं करून तिच्या मॅडमना पाठवायचं होतं; कच्चं सकाळीच गेलं होतं. पण उद्या तिच्या भावाचं, विकीचं, तिसरं वर्षश्राद्ध, आणि आई फोनवर म्हणाली होती, "तू ये गो. तुझा तरी ऐकतीत."

ऐकायचं काय, तर फोटो. विकी गेल्यापासून त्याचा फोटो ट्रंकेत होता. काका भिंतीवर लावूच देत नव्हते.

झालं होतं असं. खाडीच्या तोंडाशी वाळू सरकते, वाट बदलते, म्हणून गाववाले बांबू रोवतात. वाट असेल तिथे हिरवं फडकं, खडक असेल तिथे तांबडं. होडीत एकजण नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला उभा राहून हात दाखवतो. मागे सुकाणूवर बसलेल्याने फक्त तो हात बघायचा, बांबूंकडे बघायचंसुद्धा नाही. दोघांची दोन मतं झाली की होडी आडवी झालीच.

जन्मभर सुकाणू काकांकडे आणि नाळेवर म्हातारा विठोबा. त्या सकाळी विठोबाला ताप भरला. मग काका नाळेवर गेले आणि सुकाणू विकीने धरलं. होडी सरळ खडकावर. काका पोहत आले. विकीला दुसऱ्या दिवशी आणलं.

"मी हिरव्याकडे हात केलंय," काका तेव्हापासून विचारेल त्याला एवढंच सांगायचे. "तेना बघल्यान नाय. मोबाईल नायतर झोप. नाळेवरचो हात न बघणारो माझो झिल न्हय."

आणि गावानेही तेच धरलं. वाडीत कोणी पोरगा कामात चुकला की म्हणायचे, विकी होव नको.

काका हात पुसत पडवीत आले आणि लॅपटॉपवर वाकले. "ह्ये तुझे किडे?"

"किड्यांच्या आतला, बाबा. ह्येका जनुक म्हणतत. कोणता कामाक लागला, कोणता गप बसला, ता ह्यो प्रोग्राम रंगान दाखयता. काम वाढला तर तांबडो, पडला तर हिरवो. डावीकडे बरे किडे, उजवीकडे आजारी."

"आजारी किडो तुका बघून कळना नाय?"

"वरसून बरोच दिसता. पालो खाता, सगळा करता. आत आधीच बिघडलेला असता. बघा, कसा दिसता?"

काकांनी डोळे बारीक केले. "दिसता मा. गोधडी."

"बाबा, उद्या फोटो लावूया?"

"किड्यांचा सांग."

आत काकूंचं भांडं जरा जोरात आपटलं.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. "अक्षया, चित्र छान आहे, पण रंग बदल. निळं-पिवळं कर आणि लगेच पाठव."

प्रोग्राममध्ये एक ओळ बदलायची, बास. तिने बदलली. पडद्यावर चित्र पुन्हा उमटलं. काका उठत होते, ते तसेच अर्धवट थांबले.

"ह्ये दोन भाग खंयसून इले?"

"आधीच होते, बाबा. मी फक्त रंग बदललंय."

"नाय. आधी सगळा एकच होता, एक गोधडी."

"एकच कसा?" तिने हसत जुनं चित्र उघडलं. "ह्या बघा. हडे तांबडा, थय हिरवा."

काका बघत राहिले. "ता दुसरा दाखय."

तिने निळं-पिवळं उघडलं.

"आता परत पयला."

तिने पहिलं उघडलं. आता ती हसत नव्हती.

काका अंगणात गेले. टोपलीतून दोन रातांबे उचलले, एक पिकलेला तांबडा, एक कच्चा हिरवा, दोन हातांत धरले आणि उन्हात समोर नेले. या वेळी दाबले नाहीत. नुसते बघत राहिले, एकदा ह्या हाताकडे, एकदा त्या.

"काय झाला ओ?" काकू दारात आल्या.

"ट्रंक उघड, रुक्मिणी," काका म्हणाले. "झिलान माझो हात बघल्लो."